लडलो, गॉफ्स, केल्सो: मोहावी वाळवंटातल्या उजाड जंक्शनांचा फेरा

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात लोक जातात ते डेथ व्हॅलीसाठी किंवा लास व्हेगासच्या वाटेवर म्हणून. आम्ही गेलो रेल्वेची जुनी जंक्शनं बघायला. काही ठिकाणी रूळच उखडून नेलेले, काही ठिकाणी रूळ आहेत पण गाडी थांबत नाही. असला कार्यक्रम घरात मंजूर होण्याचं कारण म्हणजे बाबा. सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, निवृत्त स्टेशन मास्तर. आमच्याकडे अर्व्हाइनला आल्यापासून मॉल आणि समुद्रकिनारे बघून कंटाळले होते.

निघण्याआधीच घरात एक वाद पेटला होता. इथल्या ओसाड गावांच्या हौशी अभ्यासकांत एक गट ठासून सांगतो की वाळवंटातली जंक्शनं म्हणजे गावं नव्हेतच. पाण्याची टाकी, चार खोल्या आणि नावाची पाटी, एवढ्याला गाव म्हणायचं नाही. मला वाटलं होतं बाबा चिडतील. ते त्याच गटाचे निघाले. "जिथल्या माणसांची बदली होते ते गाव नव्हे," म्हणाले. मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. "तुमचं गाव कोणतं?" या प्रश्नाला मी लहानपणापासून भुसावळ म्हणत आले आणि पुढचा प्रश्न कायम "ते झालं, पण मूळ गाव?" असा आलाय. त्यामुळे मला हे मान्य होणं शक्य नव्हतं. नवरा गाडी चालवत होता आणि तटस्थ होता.

दिवस पहिला: लडलो, अँबॉय, नीडल्स

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पहाटे निघून बार्स्टोला टाकी भरली. (बार्स्टो ते लडलो साधारण ८० किलोमीटर. लडलोलाही पेट्रोल मिळतं, पण वाळवंटात दिसेल तिथे भरावं हे बरं.)

लडलोला महामार्गाच्या कडेला पेट्रोल पंप, मोटेल आणि उतरत्या छपराचा एक कॅफे आहे. बाबांनी चहा मागितला. गरम पाण्याचा कप आणि बशीत पुडी आली. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बटाट्याचा किसून परतलेला हॅशब्राउन मात्र आवडला, पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर घातली. वाढणाऱ्या बाईंनी चटणीची चव घेतली आणि विचारलं, जुन्या भिंती बघायला आलात ना? इथे थांबणाऱ्यांत पेट्रोल भरणारे आणि भिंती बघणारे असे दोनच प्रकार असतात, हा त्यांचा अनुभव.

त्या भिंती रुळांजवळ आहेत. १८८२-८३ मध्ये मोहावी गावापासून कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्सपर्यंत रेल्वे आली आणि त्या मार्गावरचं हे एक ठाणं झालं. पुढे इथून दोन फाटे फुटले. दक्षिणेला सोन्याच्या खाणीकडे जाणारी लडलो अँड सदर्न आणि उत्तरेला टोनोपा अँड टाइडवॉटर. दुसरीची कथा मोठी आहे. 'बोरॅक्स' स्मिथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्सिस मेरियन स्मिथला डेथ व्हॅलीजवळचा टाकणखार (म्हणजेच बोरॅक्स) बाहेर काढायचा होता. १९०५ मध्ये त्याने लास व्हेगासहून लाईन टाकायला घेतली, पण तिथे सिनेटर विल्यम क्लार्कची रेल्वे होती आणि क्लार्कने त्याला जोडणी मिळू दिली नाही. स्मिथने तिथलं काम सोडलं, लडलोला आला आणि नव्याने सुरुवात केली. १९०७ मध्ये लाईन नेवाडातल्या बीटीजवळच्या गोल्ड सेंटरपर्यंत पोचली. नावात टोनोपा आणि समुद्र दोन्ही असले, तरी ही कंपनी स्वतःच्या रुळांवरून दोन्हींपर्यंत कधीच पोचली नाही. "आपल्याकडेही असली नावं आहेत," बाबा म्हणाले, पण उदाहरण देईनात. निवृत्त झाले तरी खात्याची बदनामी नको.

लडलोत या लाईनीचं वर्कशॉप होतं. लोक राहायला आले, दुकानं आली. १९०८ च्या सुमाराच्या मोठ्या काँक्रीटच्या दुकानाची पडझड आजही दिसते. १९९९ च्या ऑक्टोबरात इथून जवळच ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात लडलोजवळ प्रवासी गाडीही रुळांवरून घसरली होती. त्या धक्क्यांनी इमारतीचं उरलंसुरलं काम केलं.

इथे पाणी नव्हतं. न्यूबेरीहून टाकीच्या वाघिणींतून यायचं. बाबांनी हाच मुद्दा पकडला: जिथे पाणी बाहेरून आणावं लागतं, ती छावणी. मी म्हटलं, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा लातूर गाव नव्हतं का? "ते दुष्काळापुरतं." मग मनमाडचं काय? मनमाडची पाणीटंचाई त्यांनी स्वतः भोगलेली, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात आम्ही दफनभूमीपाशी पोचलो. साधे लाकडी क्रूस, बहुतेकांवर नावच उरलेलं नाही. छावणीत मेलेल्या माणसाला घरचे शक्यतो परत नेतात, इथे मात्र लोकांनी आपली माणसं इथेच ठेवली. माझ्या वहीत लडलो हे गाव म्हणून नोंदलं गेलं.

सरकारलाही हा प्रश्न नीट सुटलेला नव्हता. अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या अधिकृत सूचीत एक वर्ग होता. जिथे माणसांचा वावर आहे किंवा होता, पण जी 'लोकवस्ती'त मोडत नाही, अशी ठिकाणं त्यात टाकायची. रेल्वेची सायडिंगं (गाड्या बाजूला घ्यायचे जोडरूळ) त्याच खात्यात आणि ओसाड गावंही त्याच खात्यात. मग हौशी लोकांनी एकमेकांची डोकी का फोडावीत?

लडलोहून रूट ६६ या जुन्या महामार्गाने अँबॉय, ४५ किलोमीटर. इथला रस्ता खडबडीत आहे, पण डाव्या-उजव्या हाताला काळ्या लाव्ह्याचं मैदान आणि समांतर धावणाऱ्या लांबलचक मालगाड्या. बाबा डबे मोजायचे, शंभराच्या पुढे सोडून द्यायचे. एक गाडी कंटेनर एकावर एक रचून निघाली होती. वर ओव्हरहेड वायर नसल्याचा हा फायदा, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

या मार्गावरची ठाणी अक्षरानुक्रमे आहेत: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जाव्हा. रेल्वेच्या इंजिनिअरने ओळीने नावं देऊन टाकली. बाबांना ही पद्धत फार आवडली आणि लगेच तिचा स्वतःच्या बाजूने वापरही झाला. गावाला नाव लोक देतात, कचेरी देत नाही म्हणे. पिंपरी-चिंचवडमधल्या सेक्टरांत राहणाऱ्या लाखो लोकांना त्यांनी एका वाक्यात बेघर केलं.

अँबॉयला रॉयज नावाचं मोटेल-कॅफे, त्याची १९५९ ची भलीमोठी पाटी, एक पंप. आय-४० महामार्ग १९७३ मध्ये उत्तरेकडून गेला आणि इथली वर्दळ एकदम आटली. २००५ मध्ये एका कोंबडी-उपाहारगृहांच्या मालकाने, आल्बर्ट ओकुराने, सगळं गावच विकत घेतलं. २०२३ मध्ये तो वारला. आम्ही रूट बिअर प्यायलो (दारू नव्हे, चव थेट खोकल्याच्या औषधाची, नवऱ्याला आवडते).

टीप: अँबॉयच्या पूर्वेला जुन्या रस्त्यावरचे लाकडी पूल पुरांनी खराब झालेत आणि तो भाग वर्षानुवर्षं बंद आहे. कॅडिझ-एसेक्सकडे सरळ जायचा बेत आखू नका. केलबेकर रस्त्याने आय-४० वर चढा आणि पूर्वेकडे वळा.

मुक्काम नीडल्स. १९०८ चं एल गार्सेस स्टेशन, खांबांचा दिमाखदार सोपा. गावात नदी, झाडं, माणसं सगळं आहे. इथे वाद नव्हता, म्हणून झोप चांगली लागली.

दिवस दुसरा: गॉफ्स, केल्सो

सकाळी वारा सुटला होता. फेब्रुवारीत मोहावीत ऊन छान असतं, पण वारा स्वेटरच्या आत घुसतो. कानटोपी घ्याच. बाबांची माकडटोपी इथे पहिल्यांदा सन्मानाने वापरली गेली.

गॉफ्स महामार्गापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत. १८९३ मध्ये इथून उत्तरेला डोंगरातल्या खाणींसाठी नेवाडा सदर्न नावाची लाईन निघाली. आयझॅक ब्लेक तिचा प्रवर्तक, म्हणून काही काळ गावाचं नावही ब्लेक झालं. ती शाखा पुरांत वाहून गेलेल्या भरावांनंतर १९२० च्या दशकात बंद पडली. १९३१ मध्ये रूट ६६ सरळ केला आणि गॉफ्स बाजूला पडलं. शाळा १९३७ पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटनने उभारलेल्या वाळवंटी प्रशिक्षण केंद्रामुळे इथे सैनिकांचे तंबू लागले, तेही दोनेक वर्षांत उठले.

ती शाळा, १९१४ ची मिशन शैलीतली छोटी इमारत, आज पुन्हा उभी आहे. डेनिस केसबिअर या माणसाने आयुष्यभर या भागातल्या जुन्या रहिवाशांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, १९९० च्या दशकात शाळा दुरुस्त केली आणि भोवती संग्रहालय जमवलं. शाळेत फळा, बाकं, जुने फोटो. आवारात खाणीची यंत्रं. एक सत्तरीचे स्वयंसेवक आमच्याबरोबर फिरले. बाबा स्टेशन मास्तर होते हे कळल्यावर त्यांचा फिरण्याचा वेग निम्मा झाला आणि बोलण्याचा दुप्पट. दोघांत इंग्रजी किती कळत होतं कोण जाणे, पण टोकन, सिग्नल, हातदिवा यांवर तासभर जमली.

बाबांचा प्रश्न नेमका होता: इथल्या मास्तरणीला पगार कोण द्यायचं, रेल्वे? नाही, शाळा सार्वजनिक होती. भुसावळला आमची शाळा रेल्वेची, दवाखाना रेल्वेचा, दिवाळीचा नाट्यप्रयोगही रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये. गॉफ्स आकाराने त्या कॉलनीच्या एका गल्लीएवढंही नसेल, पण तिथे रेल्वेवाले, खाणवाले, गुरं पाळणारे आणि दुकानदार यांची पोरं एकाच खोलीत शिकत होती. कंपनीने उद्या काम थांबवलं तर यातले सगळेच दुसऱ्या दिवशी निघून जाणार नव्हते. बाबा म्हणाले, "हे धरू." एवढंच. पण त्यांनी धरलं.

(संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडं असतं आणि उन्हाळ्यात बंद असतं. आधी चौकशी करा. फी नाही, पेटीत काहीतरी टाका. आवारातल्या पुस्तकांच्या दुकानात नवऱ्याला आवरावं लागलं.)

दुपारी केल्सो. ग्रॅनाइटचे डोंगर ओलांडून केलबेकर रस्ता उतरायला लागतो, डावीकडे वाळूच्या टेकड्या दिसतात, आणि मग खाली खोऱ्यात अचानक खजुराची झाडं आणि लाल कौलांची दुमजली इमारत. १९२४ चं स्टेशन, स्पॅनिश मिशन थाटाचं. भोवती मैलोगणती काही नाही. दुरुस्तीमुळे आत जाता आलं नाही, पण कमानींच्या व्हरांड्यात बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. इथलं भोजनगृह १९८५ पर्यंत चालू होतं. मग स्टेशन पाडायचं घाटलं, लोकांनी ओरड करून ते वाचवलं आणि २००५ मध्ये तिथे मोहावी संरक्षित क्षेत्राचं माहिती केंद्र झालं.

इथे बाबांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. केल्सोहून सिमा या पुढच्या ठाण्यापर्यंतचा चढ २.२ टक्के, म्हणजे साधारण ४५ ला १ (४५ फूट गेल्यावर एक फूट चढ). वाफेच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नसे, म्हणून केल्सोला जादा इंजिनं लावायची. केल्सोला पाणी होतं, म्हणून ही जागा निवडली. "म्हणजे कसारा," बाबा म्हणाले. कसारा घाट ३७ ला १. तिथे आजही मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी बँकर लावण्याची पूर्ण रीत सांगितली, शिट्ट्यांसकट. शेजारी कॅमेरे लावून बसलेला एक अमेरिकन रेल्वेवेडा टाळ्या वाजवून गेला. थोड्या वेळाने खरोखरच एक मालगाडी चढाला लागली, पुढे आणि मागे डिझेल इंजिनं, आणि तिचा आवाज बराच वेळ खोऱ्यात फिरत राहिला.

डिझेल आलं आणि केल्सोचं काम संपलं. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, कैसर कंपनीच्या व्हल्कन या लोखंडाच्या खाणीमुळे इथली वस्ती दोन हजारांपर्यंत गेल्याचं सांगतात. दारूड्यांना रात्रभर कोंडायचा लोखंडी पिंजरा अजून आहे. खाण १९४७ च्या सुमारास थांबली.

आणि इथे मी बाबांच्या बाजूने गेले. सगळ्यात देखणं स्टेशन केल्सोचं, पण गाव म्हणून सगळ्यात कच्चंही केल्सोच. ती कॉलनी होती. नावसुद्धा कामगारांची नावं टोपीत टाकून चिठ्ठी काढून ठेवलेलं. तुलना इगतपुरीशी करा. तिथे डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे, तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपायचे. इंजिन बदलणं बंद झालं, इगतपुरी राहिली. केल्सोत इंजिनांखेरीज दुसरं करण्यासारखं कुणाकडे फारसं काही नव्हतं.

केल्सोत पेट्रोल नाही, खायला नाही, फोनला रेंज नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, माणशी चार लिटर पाणी ठेवा. रुळांवर चढून फोटो काढू नका. लाईन चालू आहे आणि जागा खासगी.

उत्तरेला ५६ किलोमीटरवर बेकर. हेही टोनोपा अँड टाइडवॉटरचंच स्टेशन, कंपनीच्या अध्यक्षाच्या नावाचं. रूळ गेले, पण लॉस एंजेलिस-लास व्हेगास महामार्ग आला, म्हणून गाव तगलं. १३४ फूट उंचीचा थर्मामीटर आहे, डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटच्या स्मरणार्थ. आम्ही पोचलो तेव्हा तो ५२ दाखवत होता. बेकर आणि लडलोच्या मध्ये क्रूसेरो होतं, जिथे स्मिथची लाईन क्लार्कच्या लाईनीला छेदून जायची. तिथे फोर-व्हील ड्राइव्हशिवाय जाता येत नाही, आम्ही गेलो नाही. रात्री मुक्काम शोशोन गावात.

दिवस तिसरा: चायना रँच, डेथ व्हॅली जंक्शन, रायोलाइट

टेकोपाजवळ एका अरुंद घळीत चायना रँच नावाची खजुराची बाग आहे. खजुराचं मिल्कशेक प्या, हट्टाने प्या. बाबांनी इथे आल्यावर पहिल्यांदा दुसरा ग्लास मागवला. बागेतून अमार्गोसा नदीकडे उतरलं की टोनोपा अँड टाइडवॉटरच्या जुन्या भरावावरून चालता येतं. लाईन १९४० मध्ये बंद पडली, त्याआधी १९३८ च्या पुराने तिचं कंबरडं मोडलंच होतं. युद्धात लोखंड हवं होतं म्हणून १९४२-४३ मध्ये रूळही काढून नेले. उरले भराव, कटिंग, क्वचित एखादा स्लीपर. बाबा वाकून खडी बघत होते. उन्हाळ्यात या घळीत काम केलेल्या मजुरांबद्दल त्यांना जास्त बोलायचं होतं, पूल-भरावांबद्दल कमी. (काहीही उचलू नका, खिळासुद्धा. जुन्या वस्तू नेणं सरकारी जमिनीवर गुन्हा आहे.)

डेथ व्हॅली जंक्शनला पोचेपर्यंत वाऱ्याने धुळीची भिंत उभी केली होती. इथून १९१४ मध्ये रायन खाणीकडे अरुंद मापाची डेथ व्हॅली रेल्वे निघाली. टाकणखार कंपनीने १९२३-२५ मध्ये मातीच्या विटांची लांबलचक कमानदार इमारत बांधली: कचेरी, वसतिगृह, हॉटेल, एक सभागृह. कंपनीचं काम दुसरीकडे हललं आणि १९३१ मध्ये ती छोटी रेल्वे बंद झाली.

यानंतरचं मात्र कुठल्याही कंपनीने ठरवलेलं नव्हतं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट इथे टायर पंक्चर झाल्यामुळे थांबली, दाराच्या फटीतून ते ओसाड सभागृह बघितलं आणि भाड्याने घेतलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पहिला प्रयोग. प्रेक्षक कधी यायचे, कधी नाही. तेव्हा तिने भिंतींवर प्रेक्षक रंगवले, राजा-राणीपासून जोगिणींपर्यंत. २०१२ पर्यंत ती तिथे नाचत होती, २०१७ मध्ये गेली. आम्हाला आतून दाखवणारा तरुण मुलगा हे सगळं इतक्या आपुलकीने सांगत होता की जणू आत्याबद्दल बोलतोय.

"हिची कुणी बदली केली नव्हती," मी म्हटलं. "एकटीचं गाव होत नाही," बाबा म्हणाले. बाहेर येऊन मात्र ते परत आत गेले, छताकडचे रंगवलेले प्रेक्षक नीट बघायचे राहिले होते म्हणून.

रायोलाइट संध्याकाळी. याच्याबद्दल कोणताही अभ्यासक शंका घेत नाही, हे 'अस्सल' ओसाड गाव. तीन मजली बँकेचे सांगाडे, बाटल्यांनी बांधलेलं घर, आणि लास व्हेगास अँड टोनोपा रेल्वेचं सुंदर स्टेशन, कुंपणाआड उभं. तीन रेल्वे इथल्या सोन्यासाठी आल्या. १९०५ मध्ये गाव वसलं, हजारो लोक आले, १९०७ ची मंदी आली, १९१० च्या जनगणनेत ६७५ उरले, १९१६ मध्ये वीज तोडली. म्हणजे जेमतेम दहा-बारा वर्षं. लडलो आणि गॉफ्समध्ये त्याच्या कितीतरी पट काळ चुली पेटत होत्या. पण लडलोकडे तीन मजली बँक नव्हती, फोटो काढणारे आले नाहीत, म्हणून ते 'सायडिंग'. माझा सगळा राग इथे आहे. अवशेष देखणे असले की लोक गावपण बहाल करतात. बाबांनाही रायोलाइट पटलं नाही, वेगळ्या कारणाने. "ही जत्रा होती," म्हणाले.

मुक्काम बीटी, तिथून सहा-सात किलोमीटर. तिन्ही रेल्वे याही गावातून जायच्या, आज एकही नाही. मोटेलं स्वस्त आहेत आणि रस्त्यावर मोकाट गाढवं फिरतात.

दिवस चौथा: लास व्हेगासवरून घरी

परतीला मुद्दाम जुन्या शहरातून गेलो. १५ मे १९०५ ला क्लार्कच्या रेल्वेने इथे भूखंडांचा लिलाव केला आणि लास व्हेगास सुरू झालं: पाण्याचा झरा, इंजिनांची जागा, वाळवंट. तेव्हा केल्सोपेक्षा फार वेगळं काही नव्हतं. स्टेशनाच्या जागी १९७१ मध्ये प्लाझा हॉटेल आलं, गाडी त्याच्या पाठीमागे थांबायची. १९९७ मध्ये तीही बंद झाली. वीस लाखांवर वस्तीच्या शहराला एकही प्रवासी गाडी नाही, हे बाबांना काही केल्या पटेना. त्यांनी हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला फलाट कुठे होता ते विचारलं. तो हसला आणि मागच्या बाजूला हात केला. आम्ही जाऊन बघितलं. मालगाडीची लाईन आहे, सिग्नल हिरवा होता, बाबांनी वेळ बघितली.

शेवटची टीप: रविवारी दुपारी लास व्हेगासहून लॉस एंजेलिसकडे निघू नका. आम्ही निघालो मंगळवारी, आणि बार्स्टोपर्यंत एकदाही ब्रेक लावावा लागला नाही. पुढच्या खेपेला गॉफ्सच्या शाखेचं वरचं टोक, बार्नवेल, बघायचंय. कच्चा रस्ता आहे, उंच गाडी लागेल. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की तेही गाव नव्हतं.